सुती आहे ना, मग चालेल? नाही चालत!

मार्च लागला की तो मेसेज फिरायला सुरुवात होते. यंदा आमच्या घरच्या ग्रुपवर तीनदा आला. मजकूर थोडक्यात असा: पुरुषांनी उन्हाळ्यात शंभर टक्के सुतीच घालावं, त्यातही खादी सगळ्यांत थंड, अंगावर जितकं कमी तितकं बरं, रंग पांढराच, काळ्याला हात लावू नये, आत बनियन हवाच, तो घाम टिपतो, आणि पॉलिस्टर म्हणजे प्लास्टिक, त्याने कॅन्सर होतो.

मी मूळचा वर्ध्याचा. एकवीस वर्षं ठाण्यात कापडाच्या काउंटरवर उभा आहे. गेल्या वर्षी माझा भाचा पवईला नोकरीला लागला आणि आमच्याकडे राहायला आला. हाच मेसेज वाचून त्याने वर्ध्यात जाड खादीचे चार कुर्ते शिवून आणले होते. महिन्याभरात पाठभर घामोळं आणि जांघेत गजकर्ण. रात्र रात्र खाजवत बसायचा. मी कुर्त्याकडे बोट दाखवलं तर म्हणाला, "मामा, सुतीच तर आहे हे!" त्याचं काही चुकलं नव्हतं. मेसेज अर्धवट होता.

वर्ध्यात मे महिन्यात कूलर लावला, ताटी ओली झाली, की खोली गार होते. तोच कूलर ठाण्यात लावा, खोली नुसती दमट होते, कारण हवेतच इतकी वाफ असते की ताटीवरचं पाणी उडत नाही. अंगाचंही तेच. एक लिटर घाम अंगावरून उडाला तर साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम टपकून खाली पडला किंवा कापडात मुरून बसला, तर त्याचा अंगाला फारसा उपयोग नाही. तेव्हा कपड्याला विचारायचा प्रश्न एकच: घाम उडू देतोस का?

"शंभर टक्के सुती घाला." जीन्सही शंभर टक्के सुती असू शकते. बारा औंसाचं डेनिम म्हणजे चौरस मीटरला चारशे ग्रॅमच्या आसपास. शर्टाचं पॉपलिन एकशेवीसच्या आगेमागे आणि मलमल त्याच्याही निम्मी. धागा तिन्हीकडे कापसाचाच, पण अंगावर तीन वेगळे ऋतू. गिऱ्हाईक मला "प्युअर कॉटन आहे ना?" एवढंच विचारतं, तेव्हा मी ताक्याचं टोक त्याच्या हातात देतो आणि सांगतो, तोंडाला लावून फुंका, पलीकडे तळहात धरा. मलमलीतून, व्हॉइलमधून फुंकर सरळ हातावर येते. कॅम्ब्रिकमधून थोडी अडून येते. घट्ट विणीच्या चकचकीत साटिनमधून येतच नाही, मग त्यावर कॉटनचा कितीही मोठा शिक्का असो. ताणा-बाणा किती दाटलाय, हे फुंकर सांगते. लेबल सांगत नाही.

खादीचंही तसंच. बारीक सुताची विरळ खादी सुरेखच, ती मी स्वतः घालतो. पण भाच्याची खादी जाड सुताची होती. असं कापड पाणी भरपूर पितं आणि सावकाश सोडतं. वर्ध्याच्या कोरड्या वाऱ्यात हाच त्याचा गुण: ओलं राहतं, उडत राहतं, अंग गार ठेवतं. ठाण्यात ते नुसतं ओलं राहतं. मी त्याला करूनच दाखवलं. एका संध्याकाळी त्याचा एक कुर्ता, माझा मलमलीचा सदरा आणि त्याची जीन्स, तिन्ही पिळून गॅलरीत दोरीवर टाकली. जेवणं होईपर्यंत सदरा हाताला कोरडा लागला. कुर्त्याचे खांदे वाळले होते, पण बगलेत आणि खालच्या घेरात ओल होती. जीन्सचा कमरेचा पट्टा दुसऱ्या दिवशी सकाळीही गार लागत होता. अंगावर तो पट्टा दिवसभर तसाच ओला असतो, आणि गजकर्णाला तशीच जागा लागते. (ते झालं तर मेडिकलमधून स्वतःच्या मनाने मलम आणून लावू नका. अनेक मलमांत स्टिरॉइड असतं. खाज तेवढी थांबते, बुरशी पसरत जाते. त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.)

"जितकं कमी तितकं बरं." हे किनाऱ्यावर सावलीत बरंचसं खरं, विदर्भात धोक्याचं. आपल्या कातडीचं तापमान उन्हाळ्यात पस्तीसच्या आसपास असतं. मुंबईची मे महिन्यातली हवा तेहतीस-चौतीस अंश, म्हणजे कातडीपेक्षा किंचित गार. उघड्या अंगाला तिचा वारा लागला तर थोडी उष्णता जाते. चंद्रपूर-वर्ध्याकडे पारा पंचेचाळीसपर्यंत चढतो. तिथे हवाच अंगात उष्णता ढकलते, उघडं अंग म्हणजे तिला उघडं दार. जुन्या माणसांना हे नीट ठाऊक होतं. कोळी बांधव सुरक्यावर, म्हणजे कमरेला बांधलेल्या नुसत्या रुमालावर, दर्यात जायचा. आमच्याकडचा शेतकरी मात्र भर उन्हात पूर्ण बाहीचा सदरा, डोक्याला पांढरा रुमाल, कानावरून, मानेवरून गुंडाळून निघतो. आमचे आजोबा विहिरीवर तो रुमाल भिजवून पुन्हा बांधायचे. मेसेज वाचून बिनबाह्यांच्या टी-शर्टवर दुपारी दुचाकीने निघणारी मुलं दिसली की जीव कळवळतो. वर्ध्यात असो की ठाण्यात, थेट उन्हात असाल तर बाही पूर्ण हवी, फक्त सैल आणि पातळ.

"पांढराच घाला, काळा नको." उन्हात पांढरा कमी तापतो, हे बरोबर. सावलीत, ऑफिसात, लोकलच्या डब्यात रंगाने जवळजवळ काही फरक पडत नाही. आणि उन्हातही रंग एकटा काही ठरवत नाही. इस्रायलमधल्या नेगेव्हच्या वाळवंटातले भटके बेदुइन लोक काळे झगे का घालतात, हे काही संशोधकांनी मोजून पाहिलं आणि १९८० मध्ये ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात छापलं. काळा झगा जास्त तापत होता, पण झगा इतका सैल की ती जास्तीची उष्णता कातडीपर्यंत पोचायच्या आधीच निघून जात होती. आत पोचणारी उष्णता दोन्ही रंगांत सारखीच. अंगाला चिकटलेल्या काळ्या टी-शर्टला हे लागू नाही, तिथे तापलेलं कापड थेट कातडीवरच असतं. दुसरं म्हणजे पातळ पांढरं कापड अतिनील किरण बऱ्यापैकी आत सोडतं, घामाने भिजल्यावर आणखीच. दिवसभर उन्हात काम असेल तर फिकट निळा, खाकी असले रंग आणि थोडं भरीव कापड बरं.

बनियनबद्दल दोनच वाक्यं. शर्ट पातळ सुती असेल आणि तुम्ही किनाऱ्यावर राहत असाल तर आतला बनियन म्हणजे ओल्या कापडाचा आणखी एक थर, तो सोडा. नोकरीचा गणवेश टेरिकॉटचा (पॉलिस्टर आणि सूत मिसळलेला) असेल आणि तो बदलणं तुमच्या हातात नसेल, तर मात्र आत पातळ सुती बनियन घाला आणि दुपारी बदलायला दुसरा डब्याबरोबर न्या.

"पॉलिस्टरने कॅन्सर होतो." पॉलिस्टरचा शर्ट अंगावर घातल्याने माणसाला कॅन्सर होतो, असा पुरावा नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना अशी भीती घालू नये. गैरसोयीबद्दल बोला, ती खरी आहे: कापसाचा धागा हवेतून स्वतःच्या वजनाच्या सात-आठ टक्के ओलावा घेतो, पॉलिस्टरचा अर्ध्या टक्क्याहूनही कमी. म्हणून घट्ट विणलेला पॉलिस्टर शर्ट कोंदट होतो, शिवाय अंगावरचं तेल धरून ठेवतो आणि वास मारतो. पण खेळाडूंची जाळीदार जर्सीही पॉलिस्टरचीच. ती घाम पीत नाही, पसरवते आणि लवकर वाळते. सकाळी धावायला जाणाऱ्याला मुंबईत ती सुती टी-शर्टपेक्षा सरस पडते.

लिननला मेसेजमध्ये ‘विदेशी फॅशन’ म्हणून एका शब्दात उडवलंय. लिनन ज्या झाडाचं, तेच आपलं जवस. वाण वेगळं, आपण ते तेलासाठी आणि चटणीसाठी पेरतो. लिननचा धागा कडक, त्यामुळे कापड कातडीला चिकटत नाही आणि मधून हवा खेळते. महाग आहे आणि चुरगळतं. चुरगळू द्यावं.

आणि मेसेजात जे नाहीच, ते मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं: शिवण. रेडिमेड ‘स्लिम फिट’ घेण्यापेक्षा शिंप्याकडे जा आणि मुंढा खोल ठेवायला सांगा, म्हणजे बगलेत कापड दाटत नाही. पॅंटचं आसन सैल, मांडीला घेर, कमरेला पट्टा आवळावा लागणार नाही असं माप. सदऱ्याला दोन्ही बाजूंनी कट. मांडीला मांडी घासणाऱ्या जाड माणसाला कापडापेक्षा या मापांनीच आराम मिळतो, हे मी कित्येक गिऱ्हाइकांकडून ऐकलंय.

भाच्याला आम्ही कॅम्ब्रिकचे तीन शर्ट आणि पातळ सुती कापडाच्या दोन सैल पॅंटी शिवल्या. डॉक्टरांचं औषधही त्याने पूर्ण केलं. पावसाळा लागेपर्यंत कातडी साफ झाली. खादीचे कुर्ते त्याने टाकले नाहीत. वर्ध्याला जाताना बॅगेत अजून तेच असतात.