फीत कापता न येणारा खर्च

ब्रिटनच्या आरोग्य खात्याने २०२२ च्या सुरुवातीला आपले वार्षिक हिशेब जाहीर केले. करोना महासाथीच्या पहिल्या वर्षात मास्क, हातमोजे, गाऊन असे संरक्षक साहित्य घेण्यावर सुमारे १२ अब्ज पौंड खर्च झाले होते आणि त्यांतले ८.७ अब्ज पौंड बुडीत खाती टाकावे लागल्याचे त्यात नोंदवलेले होते. यातला निम्म्याहून अधिक तोटा घाईघाईत चढ्या भावाने केलेल्या खरेदीचा होता, कारण नंतर बाजारभाव कोसळले. जगभर साहित्याची झोंबाझोंबी चालली होती, त्यामुळे या सगळ्या रकमेला उधळपट्टी म्हणणे अन्यायाचे होईल. पण उरलेला काही माल सदोष होता, काही रुग्णालयांच्या उपयोगाचा नव्हता आणि काहीची मुदत उलटून गेली होती. याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवून पाहू: २०२२-२३ या वर्षात इंग्लंडमध्ये मुलांच्या मानसिक आरोग्यसेवेवर ९२ कोटी ७० लाख पौंड खर्च झाले, म्हणजे एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेच्या एकूण खर्चाच्या जेमतेम एक टक्का. बुडालेल्या रकमेत ही सेवा नऊ वर्षांहून अधिक काळ चालली असती.

महासाथीची सबब लागू होत नाही असेही खर्च इथे झाले. आश्रय मागणाऱ्यांना रवांडाला पाठवण्याच्या योजनेवर सत्तर कोटी पौंड खर्च झाल्याचे २०२४ च्या जुलैत नव्या गृहमंत्र्यांनी संसदेत सांगितले. तोवर त्या योजनेतून तिकडे चार माणसे गेली होती आणि तीही स्वखुशीने.

गेली अनेक वर्षे मी इंग्लंडच्या मिडलंड्स भागात राहतो. इथल्या मराठी घरांतही मुलांच्या मनाचा विषय आता येतो, दबक्या आवाजात का होईना. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबातली मुलगी बारा वर्षांची असताना तिने शाळेत जाणे बंद केले. सकाळी गणवेश घालून जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून राहायची, पण दाराबाहेर पाऊल टाकायची नाही. जीपीने, म्हणजे भागातल्या नेहमीच्या डॉक्टरने, कॅम्सकडे, म्हणजे मुलांच्या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेकडे, चिठ्ठी दिली. काही आठवड्यांनी पत्र आले की नाव प्रतीक्षा यादीत घेतले आहे, दरम्यान तब्येत अचानक बिघडल्यास अमुक क्रमांकावर फोन करा आणि सोबतची संकेतस्थळे पाहा. मग लांबलचक प्रश्नावली आली. बऱ्याच महिन्यांनी तिसरे पत्र आले, त्यात मुलीची अवस्था सेवेच्या निकषांइतकी गंभीर नसल्याने प्रकरण बंद करत असल्याचे लिहिले होते. या सगळ्या काळात तिच्या आईने नाशिकला सासरी आणि माहेरी एवढेच सांगितले होते की मुलीला पोटाचा त्रास आहे.

त्या मुलीसारखी किती मुले आहेत हे इथे मोजले जाते. इंग्लंडच्या बालआयुक्तांनी, म्हणजे मुलांच्या हक्कांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्यांनी, २०२४ च्या मार्चमध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२-२३ मध्ये सुमारे साडेनऊ लाख मुलांची नावे या सेवेकडे होती, त्यांतली दोन लाख सत्तर हजार वर्षअखेरीस अजून वाट पाहत होती आणि जवळपास चाळीस हजार मुलांना दोन वर्षे किंवा त्याहून जास्त थांबावे लागले होते. दर शंभरांतल्या ३९ मुलांची प्रकरणे उपचार सुरू होण्याआधीच बंद झाली. गरज वाढते आहे, हेही सरकारी पाहणीतच दिसते. आठ ते सोळा वयोगटात मानसिक विकाराची शक्यता असलेली मुले २०१७ मध्ये आठांत एक होती, ती २०२३ मध्ये पाचांत एक झाली.

महाराष्ट्रातल्या मित्रांशी बोलताना मी हे आकडे सांगितले की दोन उत्तरे ठरलेली असतात. एक, तुमच्याकडे निदान यादी तरी आहे. दोन, आपल्याकडे आजी-आजोबा आहेत, शेजार आहे, आमच्या वेळी कुठे होते समुपदेशक? पहिल्या उत्तरात तथ्य आहे आणि त्याकडे मी येणारच आहे. दुसऱ्याचा मात्र मला राग येतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरातल्या १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे. त्यांतल्या १,७६४ महाराष्ट्रातल्या होत्या, कोणत्याही राज्यापेक्षा अधिक. ही मुलेही आजी-आजोबा असलेल्या, शेजार असलेल्या घरांतलीच होती. मायेने आधार मिळतो, पण नैराश्याचे निदान आणि उपचार ही प्रशिक्षित माणसाची कामे आहेत, हे आपण मधुमेहाच्या बाबतीत कधीच मान्य केले आहे.

सरकारी खर्चावर महाराष्ट्रात वाद होत नाहीत असे नाही, उलट भरपूर होतात. अरबी समुद्रातल्या शिवस्मारकाचे जलपूजन २०१६ च्या डिसेंबरात झाले, खर्चाचा अंदाज ३,६०० कोटींच्या घरात गेला आणि स्मारक आजही उभे नाही. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा महाराजांचा पुतळा अनावरणानंतर नऊ महिन्यांच्या आत, २०२४ च्या ऑगस्टमध्ये कोसळला, तेव्हा प्रत्येक मराठी माणसाला झालेले दुःख मलाही झाले. लाडकी बहीण योजनेला मी उधळपट्टी मानत नाही. बाईच्या हातात थेट पडलेले दीड हजार रुपये कुठे जातात हे ग्रामीण घर पाहिलेल्याला सांगावे लागत नाही. त्या योजनेच्या नुसत्या प्रसिद्धीसाठी मंजूर झालेल्या सुमारे दोनशे कोटींना मात्र मी उधळपट्टीच म्हणतो. वाद होतात, विधिमंडळात गोंधळ होतो, वाहिन्यांवर रात्र जाते. पण वाचलेला पैसा मुलांच्या मनासाठी द्या, अशी मागणी कोणत्याही बाजूने मी ऐकलेली नाही.

मराठवाड्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवणारी माझी वर्गमैत्रीण सांगते की दिवाळीनंतर तिच्या वर्गातले बाक रिकामे होतात, कारण आईबाप कोयता घेऊन कारखान्यांच्या फडावर जातात. काही मुले सोबत जातात, काही हंगामी वसतिगृहात किंवा आजीकडे राहतात. नववीतला एक मुलगा उन्हाळ्याच्या तोंडाशी परतला तो बोलेनासाच झाला. हजेरी घेताना फक्त हात वर करायचा. तिने ग्रामीण रुग्णालयात चौकशी केली. किशोरवयीनांसाठी तिथे ‘मैत्री क्लिनिक’ची पाटी आहे, पण समुपदेशकाचे कंत्राटी पद रिकामे होते. मनोविकारतज्ज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणी, म्हणजे एसटीने जाऊन-येऊन एक दिवस आणि त्या दिवसाची मजुरी बुडणार. मुलाला कोणीच नेले नाही. त्याचे नाव कोणत्याही यादीत नाही, त्यामुळे सरकारदप्तरी तो वाटही पाहत नाही.

कागदावर पाहिले तर आपल्याकडे काहीच नाही असे म्हणता येणार नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ पासून आहे, जिल्हा कार्यक्रम १९९६ पासून. किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ मध्ये आला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार हा हक्क ठरवला आणि २०२२ पासून ‘टेली मानस’ या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येते, ही खरोखर चांगली गोष्ट आहे. अडते ते माणसांपाशी. देशात दर लाख लोकसंख्येमागे एकसुद्धा मनोविकारतज्ज्ञ नाही आणि त्यांत मुलांवर काम करणारे हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. राज्यातली ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही चारही प्रादेशिक मनोरुग्णालये मुख्यतः प्रौढ रुग्णांच्या भाराखाली आहेत.

म्हणूनच ‘पुतळे थांबवा, मुलांना पैसा द्या’ ही घोषणा मला अपुरी वाटते. पुतळा, पूल, रेल्वेमार्ग हा भांडवली खर्च असतो. त्याला भूमिपूजन आहे, कोनशिला आहे, कापायला फीत आहे. समुपदेशकाचा पगार हा महसुली खर्च. तो दर महिन्याला, दर वर्षी, कोणी फोटो काढत नसताना करत राहावा लागतो. ब्रिटनमध्ये २०२३ च्या ऑक्टोबरात एचएस-टू या वेगवान रेल्वेचा बर्मिंगहॅम ते मँचेस्टर टप्पा रद्द झाला, तेव्हा वाचणारे अब्जावधी पौंड दुसऱ्या रस्त्यांना आणि रेल्वेला देण्याची घोषणा त्याच भाषणात झाली. एका शीर्षाखालचा पैसा वाचला म्हणून तो आपोआप दुसऱ्या शीर्षाखाली जात नाही. तिथे आधीपासून कोणी हक्क सांगत उभे असावे लागते आणि मुलांच्या वतीने असे कोणी उभे नसते. ज्यांना मतदान नाही आणि ज्यांच्या आईबापांना हा विषय चारचौघांत काढणेही जड जाते, त्यांच्यासाठी मोर्चा कोण काढणार?

इथेच ती यादी महत्त्वाची ठरते. इंग्लंडमधले बालआयुक्त हे पद २००४ च्या कायद्याने निर्माण झाले आणि सरकारी यंत्रणांकडून माहिती मागण्याचा अधिकार त्याला आहे. त्या माहितीने निधीचा प्रश्न सुटलेला नाही, आमच्या ओळखीच्या त्या मुलीलाही अखेर आईवडिलांनी कर्ज काढून खाजगी उपचार दिले. पण मंत्र्याला ‘असे काही नाही’ म्हणता येत नाही, आणि शाळांशी जोडलेली मानसिक आरोग्य पथके २०२९-३० पर्यंत इंग्लंडमधल्या सर्व शाळांपर्यंत पोहोचवण्याचे वचन सरकारला द्यावे लागले आहे. आपल्याकडे २००५ च्या केंद्रीय कायद्याखाली राज्य बालहक्क संरक्षण आयोग आहे. चौकशी करण्याचे आणि माहिती मागवण्याचे अधिकार त्यालाही आहेत. या आयोगाने दरवर्षी जिल्हावार तक्ता काढावा: मैत्री क्लिनिकमध्ये किती मुले आली, किती पुढे पाठवली, किती प्रत्यक्ष तज्ज्ञापर्यंत पोहोचली, समुपदेशकांची किती पदे मंजूर आहेत, किती भरलेली आणि किती दिवसांपासून रिकामी. यासाठी नवी इमारत लागत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या जुलैत दिलेल्या निर्देशांनुसार शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमायचा आहे. मोठ्या शहरांतल्या खाजगी शाळा तो नेमतील आणि फीमध्ये वसूल करतील. जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांच्या आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या रचनेत, ते पद आणायचे तर वित्त विभागाची मान्यता, स्वतंत्र लेखाशीर्ष (अर्थसंकल्पातले वेगळे खाते) आणि दरवर्षीची तरतूद लागेल. येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनात एखाद्या आमदाराने, मग तो सत्तेतला असो वा विरोधातला, हे लेखाशीर्ष कधी उघडणार आणि पहिल्या वर्षी किती जिल्ह्यांत पगार सुरू होणार, एवढे दोनच प्रश्न लेखी विचारावेत आणि उत्तर मिळेपर्यंत ते मागे घेऊ नयेत.