भिकबाळी स्पष्ट, डोळे धूसर: फाइन ट्यूनवरच्या आक्षेपाला उत्तर

नमस्कार. मी लेखात लिहिलं होतं की एखाद्या लेन्सचा फोकस सतत एकाच बाजूला चुकत असेल, तर कॅमेऱ्याच्या मेनूतल्या फाइन ट्यूनने तो किंचित पुढे-मागे सरकवून घ्या. त्यावरची तुमची प्रतिक्रिया शांतपणे दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की लेन्सला दोष देण्याआधी हात सुधारा. मधल्या बिंदूने फोकस करून फ्रेम हलवली की डोळे धूसर येणारच. नवशिक्यांना मेनूत ढवळाढवळ करायला शिकवू नका. आणि मिररलेस, म्हणजे आरसा नसलेले कॅमेरे आल्यावर हा विषयच संपलाय.

पहिला मुद्दा बरोबर आहे आणि तो माझ्या लेखात यायलाच हवा होता. फुल फ्रेम कॅमेरा, ८५ मिमी लेन्स, एफ १.८, माणूस २ मीटरवर: स्पष्ट येते ती जेमतेम ६ सेंटिमीटर खोली. डोळा पकडून कॅमेरा १० अंश वळवला तर फोकस डोळ्याच्या ३ सेंटिमीटर मागे जातो, म्हणजे अगदी काठावर.

पण माझ्या भाच्याच्या मुंजीत तसं घडलं नव्हतं. इथे ग्वाल्हेरला, लश्कर भागातल्या जुन्या वाड्यात बटू पाटावर बसला होता. मी बाजूचा बिंदू थेट डोळ्यावर ठेवून फोटो घेतले, फ्रेम हलवलीच नाही. घरी येऊन मोठं करून पाहिलं, तर भिकबाळीचे मोती एकेक मोजून घ्यावेत असे, आणि पापण्या पार विरघळलेल्या. कपाळावरच्या मुंडावळ्याही धूसर. असे पंचवीसेक फोटो, आणि प्रत्येकात चूक मागच्याच बाजूला. हात चुकला तर कधी पुढे चुकतो, कधी मागे. दर वेळी तेवढाच आणि तिकडेच चुकत नाही. बहिणीला ते फोटो दाखवताना फार वाईट वाटलं, कारण मुंज पुन्हा होत नाही.

डीएसएलआरमध्ये, म्हणजे आरसा असलेल्या कॅमेऱ्यात, फोकस मोजणारा सेन्सर वेगळा असतो. मुख्य आरशामागच्या छोट्या आरशावरून प्रकाश खाली वळतो आणि तळाशी त्याचं मोजमाप होतं. फोटो मात्र मागच्या सेन्सरवर उमटतो. लेन्सपासून या दोन्ही सेन्सरपर्यंतची अंतरं तंतोतंत जुळावी लागतात. कॅमेरा आपल्या मर्यादेत ठीक, लेन्सही ठीक, पण दोघांचा किंचित फरक एकाच दिशेला पडला की बेरीज डोळ्यांना दिसते. म्हणून तर २००७ च्या सुमारास कॅनन आणि निकॉन या दोघांनीही आपल्या वरच्या मॉडेलांत फाइन ट्यूनची ही सोय दिली, उणे २० (फोकस कॅमेऱ्याकडे) ते अधिक २० (फोकस मागे). कंपनीनेच ठेवलेलं दार आहे ते. आकडा कॅमेऱ्यात राहतो, लेन्सला धक्का लागत नाही, शून्य केला की सगळं पूर्ववत.

हा आकडा ठरवायची चाचणी किती अंतरावरून घेतली, हा तुमचा प्रश्न मला खरोखर उपयोगी पडला. मी १ मीटरवरून घेतली होती आणि ते चुकलं. फोकल लांबीच्या पन्नासपट अंतर धरावं, म्हणजे ८५ मिमीला सव्वाचार मीटर. रविवारी सकाळी गच्चीवर पुन्हा बसलो. खोक्यावर वर्तमानपत्र ताणून चिकटवलं, शेजारी फूटपट्टी तिरकी टेकवली, कॅमेरा ट्रायपॉडवर. प्रत्येक फोटोआधी फोकसची रिंग अनंतापर्यंत फिरवायची, मगच बटण दाबायचं. दहा फोटो व्ह्यूफाइंडरमधून, दहा लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर पाहून, जिथे फोकस फोटोच्याच सेन्सरवर मोजला जातो. लाइव्ह व्ह्यूचे सगळे नेमके आले, व्ह्यूफाइंडरचे सगळे मागे. म्हणजे लेन्स धडधाकट आहे, जुळणीत फरक आहे. आधी मी उणे ८ लिहिलं होतं, आता उणे ५ वर ठेवलंय. पिवळ्या दिव्यांखाली हा आकडा थोडा सरकू शकतो, म्हणून इथल्या तानसेन समारोहाला, म्हणजे संगीत महोत्सवाला, जाण्याआधी घरच्या तशाच दिव्यात पुन्हा तपासेन.

मिररलेसचं तुमचं म्हणणं बहुतांशी मान्य. तिथे मोजमाप फोटोच्याच सेन्सरवर होतं. पण माझ्याकडे शिकायला येणारी बहुतेक मुलं सेकंडहँड डीएसएलआर घेऊन येतात, आणि त्याच कॅमेऱ्यावर लग्नं, मुंजी करून पुढचं घेणार आहेत. त्यांना विषय संपला असं मी कसं सांगू?

लेखातला १ मीटरचा आकडा आजच बदललाय, फ्रेम हलवण्याबद्दलचा परिच्छेदही घातलाय. आणखी एक ओळ वाढवली आहे: दर फोटोला चूक वेगवेगळी येत असेल, किंवा फ्रेमची एकच बाजू धूसर असेल, तर मेनूला हात लावू नका, लेन्स सरळ दुरुस्तीला द्या. तिथे मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे.