‘स्नीकर’ हा शब्द जाहिरातदाराने घडवलेला नाही

एक मजकूर हल्ली सारखा पुढे पाठवला जातोय. 1917 साली हेन्री नेल्सन मॅकिनी या अमेरिकन जाहिरातदाराने केड्स या ब्रँडच्या बुटांसाठी ‘स्नीकर’ हा शब्द घडवला; मुळात ‘स्नीक’ म्हणजे चोरी करणे; आणि तो आला ‘स्नेक’वरून, म्हणजे सापावरून.

आधी 1917 चं बघू. बॉस्टनच्या एका शिक्षणविषयक नियतकालिकाने 1887 सालीच नोंदवलंय की शाळेतली पोरं टेनिसच्या बुटांना ‘स्नीकर्स’ म्हणतात, आणि ते नाव किती चपखल आहे हे गांजलेल्या मास्तरांनाच कळेल. मॅकिनीच्या तीस वर्षं आधी! आणखी मागे जा. 1862 साली लंडनमध्ये स्त्रियांच्या तुरुंगातल्या आयुष्यावर एक पुस्तक निघालं. रात्रपाळीची पहारेकरीण रबरी बूट घालून कोठड्यांपुढून फिरायची, पाऊल वाजायचं नाही. कैदी बायका त्या बुटांना ‘स्नीक्स’ म्हणायच्या. अंधारात कान टवकारून पडलेल्या त्या बायकांकडचं श्रेय काढून जाहिरात कंपनीला देणं मला अजिबात पटत नाही. जाहिरातींनी शब्द घरोघरी पोचवला म्हणा हवं तर.

आता चोरी. ‘स्नीक’चा मुख्य अर्थ कुणाच्या नजरेस न पडता हळूच जाणे. शेक्सपिअरच्या ‘मेझर फॉर मेझर’मध्ये लुसिओ शेवटी काढता पाय घेऊ बघतो, तेव्हा ड्यूक त्याला याच शब्दाने अडवतो: सटकू नकोस. तिथे चोरीचा संबंध नाही. लपूनछपून काही उचलणे हा अर्थ पुढे चिकटला. ब्रिटिश शाळांत तर ‘स्नीक’ म्हणजे मास्तरांकडे चहाड्या करणारा. आपल्यालाही हे नवं नाही. झोपलेलं बाळ उठू नये म्हणून आई चोरपावलांनी खोलीबाहेर येते, पिशवीला चोरकप्पा असतो. यात कुणी चोर नसतो.

सापाच्या मुद्द्यात मात्र थोडं तथ्य आहे. जुन्या इंग्रजीत ‘स्नीकान’ म्हणजे सरपटणे, आणि ‘स्नाका’ म्हणजे साप. दोन्हींचं मूळ एकच मानतात. म्हणजे फार तर बहिणी, आई-लेक नव्हेत. शिवाय आजचा ‘स्नीक’ दिसू लागतो सोळाव्या शतकात, आणि स्वर नेहमीच्या नियमाने बदलले असते तर ‘स्नीकान’चं आज ‘स्नाइक’ झालं असतं. म्हणून जाणकार कोशकार इथे ‘बहुधा’ लिहून थांबतात. पुढे पाठवताना नेमका तो ‘बहुधा’च गळलाय.