पोतंभर धूळ निघाली, पण आली कुठून? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा निम्मी पटली. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मागच्या लेखात मी म्हटलं होतं की ऑफिसातले एसीचे डक्ट, म्हणजे थंड हवा खोल्यांपर्यंत नेणारे बोगदे, दरवर्षी साफ करून घेण्याआधी एएचयूची (हवा गाळून, थंड करून डक्टमध्ये ढकलणाऱ्या मोठ्या यंत्राची) खोली उघडून बघा. त्यावर तुम्ही लिहिलंत, "आमचे डक्ट दिवाळीत साफ केले. पोतंभर काळी धूळ निघाली, मी डोळ्यांनी बघितली. नंतर निम्म्या लोकांच्या शिंका थांबल्या. तुमच्यासारखे लोक मालकांचे पैसे वाचवतात आणि खोकतो आम्ही."

धूळ निघाली असणारच. दहा वर्षं चाललेला पत्र्याचा डक्ट उघडला की निघतेच. पण जी धूळ रोज दहा तास वाऱ्याचा झोत सोसूनही तिथेच चिकटून राहिली, ती बहुतेक जाड धूळ असते: कपड्यांचे तंतू, फर्निचरचं काम चालू असतानाचा जिप्समचा भुसा. फुप्फुसात खोल जाणारे अडीच मायक्रॉनच्या आतले कण डक्टमध्ये फारसे बसतच नाहीत, ते हवेबरोबर सरळ खोलीत येतात. डक्ट कितीही घासा, फिल्टर हलका असेल तर ते उद्याही येणार. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था (ईपीए) घरांच्या डक्टबद्दल हेच सांगत आली आहे, की डक्ट साफ केल्यानं आजार टळतात असं कधी सिद्ध झालेलं नाही. आत बुरशी दिसली, उंदीर-झुरळं झाली, किंवा इतका कचरा साचला की तो जाळीतून खोलीत पडायला लागला, तर मात्र साफ करा, असंही तीच संस्था सांगते.

छतातल्या जाळीभोवतीचे काळे फराटेही तुम्ही पुरावा म्हणून दिलेत. एक करून बघा. ओलं पांढरं फडकं घेऊन आधी जाळीच्या बाहेर छतावर फिरवा, मग जाळीच्या आत, डक्टच्या तोंडाशी. बहुतेक वेळा बाहेरचं फडकं जास्त काळं निघतं. जाळीतून सुटलेला झोत खोलीतलीच हवा ओढून घेतो आणि तिच्यातली धूळ छतावर थापतो. म्हणजे ती घाण डक्टची कमी आणि तुमच्या कार्पेटची जास्त.

आता शिंका. थांबल्या, हे मी नाकारत नाही. त्या दिवशी डक्टशिवाय आणखी काय काय झालं, एवढंच विचारतो. साफसफाईला आलेली माणसं बहुधा फिल्टर बदलतात, कॉइल (हवा थंड करणाऱ्या नळ्यांची जाळी) धुतात, तिच्याखालचा पाण्याचा ट्रेही पुसतात. बिलावर मोठ्या अक्षरात 'डक्ट क्लीनिंग' असतं, म्हणून श्रेय डक्टला.

पुण्यातल्या एका आयटी ऑफिसात मला बोलावलं होतं. सोमवारी सकाळी ओल्या पोतेऱ्यासारखा वास, दुपारनंतर डोकं जड. डक्ट तीन महिन्यांपूर्वीच साफ झालेले, आधीचा आणि नंतरचा व्हिडिओसुद्धा दाखवला मला. एएचयूचं दार उघडलं तर कॉइलखालच्या ट्रेमध्ये दोन बोटं पाणी आणि त्यावर गुलाबट, बुळबुळीत साय. निचऱ्याच्या पाइपला ट्रॅपच नव्हता, म्हणजे पाणी साठवून हवा अडवणारा वाकडा भाग. ब्लोअर, म्हणजे यंत्रातला मोठा पंखा, आतून हवा खेचतो, त्यामुळे ट्रॅप नसेल तर पाणी बाहेर पडायच्या ऐवजी आतच अडून राहतं. शनिवार-रविवार यंत्र बंद, ट्रे ओला, सोमवारी तो वास सगळ्या मजल्यावर. फिल्टरच्या चौकटीला बोट जाईल एवढी फट. आणि बाहेरची ताजी हवा घेणारा डॅम्पर, म्हणजे झडप, चक्क बाइंडिंग वायरनं आवळून बंद केलेला. दुपारी चारला मीटिंग रूममध्ये कार्बन डायऑक्साइड 1900 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 1900 भाग) निघाला. बाहेर तो साडेचारशेच्या आसपास असतो. एवढ्यानं विषबाधा होत नाही, पण एकमेकांनी सोडलेला श्वास किती वेळा आत घेतोय, ते त्या आकड्यावरून कळतं. ट्रॅप बसवायला प्लंबरला एक दुपार लागली. डॅम्पर सोडवायला महिनाभर ईमेल चालले.

कारण, आणि इथे तुमचा मालकांबद्दलचा आरोप मला उलटा वाटतो, ताजी हवा महाग असते. मे महिन्यातली बाहेरची हवा थंड करायची आणि तिच्यातली ओल काढायची, म्हणजे दर महिन्याचं वीजबिल वाढलं. मुंबईत हिवाळ्यात बाहेरची हवाच खराब असते, म्हणजे फिल्टरही चांगल्या प्रतीचा हवा आणि त्यातून हवा ओढायला ब्लोअरची ताकदही. डक्ट साफ करणं हा एकदाचा खर्च, वर फोटो काढून नोटीस बोर्डावर लावता येतात. पैसे वाचवायचे असते तर मी डक्टच साफ करायला सांगितले असते.

एका गोष्टीत चूक माझी. काही डक्टना आवाज दाबायला आतून अस्तर असतं, हे मी लेखात लिहिलंच नाही. ते अस्तर एकदा भिजून बुरशी धरलं तर घासून निघत नाही, काढूनच टाकावं लागतं. अशा ठिकाणी डक्ट नक्की उघडा. नवीन ऑफिसात फर्निचरचं काम चालू असताना एसी चालवला असेल तरीही एकदा साफ करा. फक्त, नुसता ब्रश फिरवून जाणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. मागून व्हॅक्यूमनं धूळ ओढली नाही, तर वर्षानुवर्षं निवांत पडलेली धूळ तुमच्या टेबलावर येते.

तुमच्या मेंटेनन्सवाल्याकडून एएचयूची किल्ली मागा, जमल्यास सोमवारी सकाळी, यंत्र सुरू व्हायच्या आधी. ट्रेचा आणि निचऱ्याच्या पाइपचा फोटो पाठवा, म्हणजे पुढचं बोलता येईल.