“नुसता महागडा पीसी बोर्ड” म्हणणाऱ्या मेसेजला माझं उत्तर

सोलापुरातल्या इंजिनिअरिंगच्या पोरांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय की आर्म या प्रोसेसर डिझाइन करणाऱ्या कंपनीचा व्हर्साटाइल एक्सप्रेस हा डेव्हलपमेंट बोर्ड म्हणजे नुसता महागडा पीसी मदरबोर्ड, त्यावरचा प्रोसेसर 400 मेगाहर्ट्झचा, आपला फोन त्याहून फास्ट, आणि क्यूईएमयू (अख्ख्या मशीनची सॉफ्टवेअरमध्ये नक्कल करणारा प्रोग्राम) फुकट असताना असला बोर्ड हवाच कशाला. प्रोजेक्टचा विषय ठरवायच्या टायमाला असलं वाचून पोरं एम्बेडेडचा नाद सोडतात, ते बघवत नाही म्हणून लिहितोय.

बोर्डाचा साइज मायक्रो एटीएक्स, म्हणजे पीसी मदरबोर्डचाच एक स्टँडर्ड साइज आहे, इथवर बरोबर. पण मेन बोर्डावर तो प्रोसेसर नसतोच ओ! तो येतो वेगळ्या कार्डावर, त्याला कोअरटाइल म्हणतात, रॅमपण त्याच कार्डावर. खाली इथरनेट, यूएसबी, सीरियल, फ्लॅश, आणि शेजारी अजून एक जागा, लॉजिकटाइलची, म्हणजे एफपीजीएचं (हवं ते सर्किट पुन्हापुन्हा भरता येणाऱ्या चिपचं) कार्ड बसवून चिप बनायच्या आधीच आपलं डिझाइन त्यात चालवून बघायचं. जेकार्डच्या मागावर माग तोच ठेवून पंचकार्डं बदलली की चादरीवर नवी नक्षी येते, तसंच आहे हे. आज आर्मच्या कॉर्टेक्स-ए9 प्रोसेसरचं कार्ड लावा, उद्या ए15 चं, खालचे ड्रायव्हर तेच, फक्त अ‍ॅड्रेस बदलतात ते डिव्हाइस ट्रीमध्ये (कुठलं हार्डवेअर कुठं आहे ते लिनक्सला सांगणाऱ्या फाइलमध्ये) सांगायचे.

400 चा आकडा ए9 च्या कार्डाला खरा आहे, पण ती टेस्ट चिप, म्हणजे डिझाइन तपासायला बनवलेली, स्पीडसाठी नाहीच. जेटॅग (चिपच्या आत डोकावायची डिबग जोडणी) लावून कोअर मधेच थांबवा, ट्रेस, म्हणजे काय काय चाललं त्याची नोंद काढा, विकत घेतलेल्या फोनवर हे करू देतात का? बिग-लिटल, म्हणजे एकाच चिपमध्ये मोठे फास्ट आणि छोटे कमी बॅटरी खाणारे कोअर, हे 2011 ला जाहीर झालं, तसले फोन आले 2013 ला, आणि त्यासाठीचं लिनक्सचं काम याच बोर्डावर 2 ए15 आणि 3 ए7 वाल्या कार्डानं झालं.

आता क्यूईएमयू. त्यातलं व्हीएक्सप्रेस-ए9 हे मशीन याच बोर्डाचं मॉडेल आहे, म्हणजे ज्याला बिनकामाचा म्हणताय त्याचीच कॉपी फुकट वापरताय. शिवाय क्यूईएमयूत कॅश (प्रोसेसरजवळची छोटी फास्ट मेमरी) नसते. डीएमए (डिव्हाइसनं प्रोसेसरला मधे न घेता थेट मेमरी वाचणं) सुरू करायच्या आधी कॅश क्लीन करायला, म्हणजे तिच्यातला नवा डेटा मेमरीत लिहायला विसरलात तर तिथं कोड मस्त चालतो, खऱ्या बोर्डावर मात्र डिव्हाइसला मेमरीतला जुनाच डेटा मिळतो, आणि तोही कधी मिळतो कधी नाही, मग रात्र जाते शोधण्यात. टायमिंगचंही तेच, सायकल मोजायला क्यूईएमयू बनलेलंच नाही.

महाग आहे हे मान्य, विद्यार्थ्यानं विकत घ्यावा असं मी म्हणत नाही. लॅपटॉपवर व्हीएक्सप्रेस-ए9 सुरू करा, त्यावर लिनक्स बूट करा, मग पीएल011 या आर्मच्या सीरियल पोर्टचा ड्रायव्हर उघडून वाचा, कुठं अडलं तर ग्रुपवर विचारा, मी सांगतो.