जाड मैत्रीण सोडा म्हणे!

'लठ्ठपणा व्हायरससारखा पसरतो, हार्वर्डने सिद्ध केलंय, जाड लोकांसोबत एका टेबलावर जेवू नका' हा मेसेज फॅमिली ग्रुपवर फिरतोय, आणि आता आमची भाची विचारतेय की मधल्या सुट्टीत मैत्रिणीला सोडून वेगळी बसून डबा खाऊ का. डोकं फिरलं म्हणून लिहितेय.

मेसेज पुढे म्हणतो, '100 पैकी 57 जण जाड मित्रामुळे जाड होतात.' साफ खोटं. मेसेजमधलं 'हार्वर्ड' म्हणजे क्रिस्टाकिस आणि फाउलर या दोन संशोधकांचा 2007 चा पेपर, त्यांनी अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या 12,067 लोकांच्या 32 वर्षांच्या नोंदी तपासल्या. मित्र लठ्ठ झाला तर आपण लठ्ठ व्हायची शक्यता 57 टक्क्यांनी वाढलेली दिसली. म्हणजे आधी 10 टक्के असेल तर 16च्या आसपास. मग 100 पैकी 57 जण कुठून आले?

आता टेबलाचं, म्हणजे सगळ्यात वाह्यात. अहो त्याच पेपरात लिहिलंय की मित्र लांबच्या गावी राहत असला तरी परिणाम कमी होत नव्हता, आणि शेजारी लठ्ठ झाला तर काहीच फरक दिसला नाही! मग एका टेबलावर बसून लागण होते हे काढलं कुठून? बरं, त्या पेपरवरही टीका झालीच. 2008 मध्ये दोन संशोधकांनी तसलीच पद्धत किशोरवयीन मुलांच्या आकडेवारीला लावली तर पिंपल्स, डोकेदुखी आणि चक्क उंचीसुद्धा मित्राकडून 'लागते' असं निघालं. उंच मुलाशेजारी बसा, वाढाल! सारख्या सवयीची, सारख्या परिसरातली माणसं मुळात मित्र होतात, तो भाग नीट वेगळा काढला नाही की असंच होतं. आणि हे वाचून वर्गातली एखादी मुलगी डब्याला एकटी पडली तर ते कोण निस्तरणार?

'बारीक लोकांसोबत जेवा, 21 दिवसांत 5 किलो कमी'. याला काडीचा आधार नाही, पुढे चला.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य. सोबत असली की जास्त खाल्लं जातं. जॉन डी कॅस्ट्रो या संशोधकांनी लोकांना खाण्याची डायरी लिहायला लावली होती, त्यात चारचौघांतलं जेवण एकट्याच्या जेवणापेक्षा साधारण 44 टक्के मोठं निघालं. पण ते गप्पा रंगतात, माणूस जास्त वेळ बसतो म्हणून, त्याला समोरचा जाडच असावा लागत नाही. आणि आपल्याकडे तर वर आग्रह. मेसेज पाठवणाऱ्या काकूंकडेच जेवायला जा आणि दुसऱ्या पुरणपोळीला नको म्हणून दाखवा.