पुग्याचा कच्चा भात

"ताई घरी भात करत नाहीत वाटतं!" असं काका रात्री जेवताना अख्ख्या ग्रुपसमोर म्हणाले आणि सगळे हसले. माझा नवराही हसला. त्याचा हिशेब घरी होईल.

जागा लडाखमधलं पुगा. लेहहून सिंधूच्या कडेकडेनं जायचं, माहेचा पूल ओलांडून आत वळायचं. उंची सुमारे ४,४०० मीटर, म्हणजे डोकं ठणकतंय आणि बुटाची नाडी बांधली तरी धाप. जमिनीतून वाफा निघतात, गंधकाचा वास नाकात बसतो, मातीवर पिवळे-पांढरे थर. टूरवाल्यांच्या पत्रकात ह्याला 'निसर्गाचा स्पा' म्हटलं होतं. स्पात निदान टॉयलेट असतं. इथे बायकांनी जायचं कुठे, ह्याचं उत्तर 'गाडीच्या मागे' असं मिळालं. वारा गाडीच्या मागूनच येत होता.

काका वसईचे, वीजखात्यातून निवृत्त. उतरल्या उतरल्या त्यांनी दोन गोष्टी जाहीर केल्या. एक, आमच्या वज्रेश्वरीच्या कुंडांपुढे हे काहीच नाही. दोन, इथल्या वाफेवर एक मेगावॅटचा प्रायोगिक प्रकल्प करायचं २०२१ साली ठरलंय, त्यांना विचारलं असतं तर त्यांनी चार काढून दिले असते. मग खिशातून पुरचुंडी काढली. काकूंच्या जुन्या सुती साडीचा तुकडा, आत मूठभर कोलम, वर लांबलचक सुतळी.

"हिमाचलात मणिकरणच्या गरम कुंडात पुरचुंडी सोडली, वीस मिनिटांत मोकळा भात झाला होता. धरा हो ताई जरा. तुम्हा बायकांना सवय असते."

काकू कुठे होत्या? डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी घेऊन, काचा लावून, गाडीत. चाळीस वर्षांच्या संसारात माणूस काय काय शिकतो!

मी म्हटलं, "काका, मणिकरण कितीतरी खाली आहे. इथे हवा विरळ, पाणी पंच्याऐंशीच्या आसपासच उकळतं. एवढ्यात शिजायचा नाही."

"उकळतंय ना? बुडबुडे दिसतायत ना? मग झालं तर! उकळतं म्हणजे उकळतं."

पस्तीस वर्षं वीजखात्यात काढलेल्या माणसाशी उष्णतेवर वाद घालायला लागणारा प्राणवायू त्या खोऱ्यात नव्हता. मी उकिडवी बसले. सुतळी ओली झाली की बोटं भाजत, वाऱ्यावर धरली की गोठत. काका पाच पाच मिनिटांनी येऊन "हलवू नका" म्हणत, आणि पुढच्या फेरीला "जरा हलवा की". मधल्या वेळात ते फोटो काढत होते. माझे नव्हे, पुरचुंडीचे. तिथे भटक्या चांगपांच्या मुलांसाठी निवासी शाळा आहे. त्यातली दोन पोरं शेजारी येऊन बसली, पुरचुंडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि एकमेकांना कोपर मारून जी हसत सुटली! आमचा ड्रायव्हर लेहचा. तो एवढंच म्हणाला, "मॅडम, कुकर नहीं लाए?"

अर्ध्या तासानं पुरचुंडी सोडली. दाणे बाहेरून गिळगिळीत, आत टणक आणि वर गंधकाची फोडणी. काका दोन दाणे चावून, थुंकून म्हणाले, "सुतळी नीट धरली नाही." पूर्वी ह्याच खोऱ्यातून टाकणखार काढून नेत. म्हणजे कॅरमवर टाकतो त्या बोरिक पावडरीचं सख्खं भावंड. तो भात ताटात वाढण्यापेक्षा बोर्डावर पसरला असता तर सोंगट्या झकास सरकल्या असत्या.

काकांनी तो तिथेच ओतला, झऱ्याच्या तोंडाशी. तिथे आधीपासून नूडल्सचे कप, मसाल्याच्या पुड्या आणि अंड्यांची टरफलं होतीच. पलीकडच्या हिरवळीवर चांगपांच्या पश्मिन्याच्या शेळ्या चरत होत्या. त्या शेळ्यांच्या लोकरीची शाल घ्यायची म्हणून लेहच्या बाजारात आमच्याच ग्रुपनं दोन तास घासाघीस केलेली, आणि त्यांच्या कुरणात आमचंच खरकटं. मी म्हटलं, "काका, उचलून घेऊ या ना ते." तर म्हणतात, "पक्षी खातील, पुण्य लागेल." गंधक लागलेला कच्चा तांदूळ कुठला पक्षी खातो, हे मला कोणीतरी दाखवावं. शेवटी प्लास्टिकच्या पिशवीत मीच भरला. त्याचा फोटो कोणी काढला नाही.

परतताना चुमाथांगला गाडी थांबली. तिथेही गरम झरे, अगदी सिंधूच्या काठाला. काका उतरले, पाण्यात बोट घालून पाहिलं आणि माझ्या खिडकीशी आले. "ताई, हे पुग्यापेक्षा खाली आहे बरं का. मूगडाळ आणलीय."

मी काच वर केली. मागच्या सीटवरून काकू म्हणाल्या, "शिकलीस गं बाई, लवकर शिकलीस."